गीझर थांबेल, फ्रिज नाही : घरातली उपकरणं लोड कंट्रोलरवर घेताना

"अहो, मेनचा एमसीबी बदलून द्या, सारखा पडतोय." असा फोन आला की मी आधी विचारतो, कधी पडतो? दहापैकी आठ वेळा उत्तर तेच येतं : सकाळी. गीझर चालू, इंडक्शनवर चहा, वरची टाकी भरायला पंप लावलेला, आणि कोणीतरी जाता जाता वॉशिंग मशीनचं बटण दाबून गेलेलं. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो बिचारा आपलं काम करत असतो. तो काढून मोठ्या रेटिंगचा टाकला तर पडायचा थांबेल हे खरं, पण मग भिंतीतली वायर तापायला लागेल आणि ते कोणाला दिसणार नाही.

अशा घरात लोड कंट्रोलर कामाला येतो. हा लेख नुकते आयटीआय करून बाहेर पडलेल्या, किंवा घरगुती वायरिंग येतं पण कंट्रोलरला अजून हात लावलेला नाही अशा मुलांसाठी आहे. घरमालकांनीही वाचावा, म्हणजे वायरमन काय करतोय ते कळेल. पण डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या एमसीबींच्या डब्याचं, झाकण उघडायचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाचं. आणि मीटर, त्याचं सील, त्याच्या आधीचा कटआउट याला कोणीच हात लावायचा नाही. आपली हद्द मीटरनंतरच्या मेन स्विचपासून सुरू होते.

हा डबा करतो काय

महाराष्ट्रात लोडशेडिंग कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वीज कमी, मागणी जास्त, म्हणून आळीपाळीने फीडर बंद. लोड कंट्रोलर घरात हेच करतो, फक्त जास्त शहाणपणाने. मेनच्या फेजवर एक सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरची छोटी कडी बसवलेली असते. तिच्यातून घर एकूण किती अँपिअर ओढतंय ते कंट्रोलरला कळतं. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर आकडा गेला की तो आपल्या आतला एक रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, सोडतो, रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे तसाच पण मोठा लोड पेलणारा स्विच, सुटतो, आणि कॉन्टॅक्टरवरचं उपकरण बंद होतं. बाकीचं घर चालू राहतं. लोड उतरला की थोडा वेळ थांबून तो त्या उपकरणाला परत लाइन देतो.

जनरेटर बॅकअप असलेल्या सोसायट्यांमध्ये एसीसीएल नावाचा डबा असतो, तो याचाच भाऊ. जनरेटरवर असताना तुमच्या फ्लॅटने ठरलेल्या वॅटच्या वर ओढलं की तो बॅकअपच तोडतो, काही सेकंदांनी परत देतो, पुन्हा जास्त ओढलं की पुन्हा तोडतो. त्याला गीझर आणि फ्रिज यांतला फरक कळत नाही. आपल्याला जो बसवायचा आहे त्याला तो फरक आपणच शिकवायचा असतो, आणि ते शिकवणं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याच्या आधी होतं.

पहिली पायरी : वही-पेन

वीजबिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो. समजा तिथे ५ किलोवॅट आहे. २३० व्होल्टने भागलं की साधारण २१.७ अँपिअर. मेनला २५ अँपिअरचा सी-कर्व्ह (मोटर उठतानाचा क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) एमसीबी आहे असं धरू.

आता घरात फिरा आणि प्रत्येक मोठ्या उपकरणाच्या मागची पाटी वाचा. साठवणीचा गीझर २ किलोवॅट, म्हणजे ८.७ अँपिअर. इंडक्शन पूर्ण ताकदीवर २ किलोवॅट, पुन्हा ८.७. पाणी तापवणारं फ्रंट लोड वॉशिंग मशीन हीटर चालू असताना ९ च्या आसपास. एक एचपीचा सिंगल फेज पंप : पाटीवरचे ७४६ वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम असतं, लाइनमधून तो ६-७ अँपिअर ओढतो. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून ३ धरा. बेरीज झाली ३६.

इथे एमसीबीची एक सवय लक्षात ठेवा, कारण ग्राहकाचा सगळा गोंधळ तिच्यामुळे होतो. रेटिंगच्या १.१३ पट करंटला घरगुती एमसीबी तासभर तरी पडत नाही. १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. २५ अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे येतात २८ आणि ३६. म्हणजे वरच्या बेरजेला तो लगेच पडत नाही. तो तापत राहतो आणि पंचविसाव्या, कधी चाळिसाव्या मिनिटाला पडतो. नेमकं त्याच वेळी कोणी मिक्सर लावलेला असतो, आणि घरभर मिक्सरच्या नावाने खडे फोडले जातात.

पाटीवर विश्वास नसेल तर क्लॅम्प मीटर लावून मोजा. मी दोन्ही करतो. जुन्या पंपाची पाटी एक सांगते आणि बेअरिंग घासलेला पंप दुसरंच ओढतो.

दुसरी पायरी : कोण थांबू शकतं

या कामात डोकं लागतं ते इथेच. बाकी हातकाम आहे. प्रत्येक उपकरणाबद्दल एकच प्रश्न विचारायचा : हे दहा मिनिटं न सांगता बंद पडलं तर कोणाचं काय बिघडेल?

साठवणीचा गीझर हा आदर्श उमेदवार. टाकीतलं पाणी गरमच असतं, दहा मिनिटं हीटर थांबला तर अंघोळीच्या बादलीला कळतसुद्धा नाही. त्याला नेहमी पहिल्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे सगळ्यात आधी सुटणारा. इन्स्टंट गीझरचं तसं नाही. ३ किलोवॅटचा तो डबा साबण लावलेल्या माणसाच्या अंगावर थंड पाणी सोडतो, आणि मग शिव्या आपल्याला.

टाकी भरणारा पंप दुसरा. टाकी पंधरा मिनिटं उशिरा भरली तर चालतं. पण त्याची एक गंमत आहे. पुश बटणाचा स्टार्टर असेल तर लाइन गेली की त्याची कॉइल सुटते आणि लाइन परत आली तरी पंप आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर दुपारी "कंट्रोलरने पंप जाळला" म्हणून फोन येईल. साध्या स्विचवरचा पंप मात्र आपसूक सुरू होतो. गावाकडे शेतीपंपाला लावलेल्या ऑटो स्विचने काय होतं ते आठवा : लाइट आली की डीपीवरचे सगळे पंप एका क्षणात उठतात आणि ट्रान्सफॉर्मर बसतो. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणून सांगत असतं ते त्यासाठीच. घरातही सगळे थांबवलेले लोड एकदम परत येऊ द्यायचे नाहीत.

एसी शेवटच्या क्रमांकावर, आणि तोसुद्धा नाइलाज असेल तरच. बंद झालेल्या कंप्रेसरला दाब समान व्हायला साधारण तीन मिनिटं लागतात, त्याच्या आत लाइन देऊ नये. वॉशिंग मशीन काही कंपन्यांचं जिथे थांबलं तिथून पुढे जातं, काहींचं पहिल्यापासून सुरू होतं. मॅन्युअल बघा किंवा घरच्यांना विचारा, त्यांना अनुभवाने माहीत असतं. इंडक्शन मधेच तोडू नका. लाइन परत आली तरी ते स्वतःहून चालू होत नाही आणि पोळीवाल्या बाईंचा अर्धा तास जातो.

फ्रिज, दिवे, पंखे, वायफायचा राउटर, वॉटर प्युरिफायर यांना कंट्रोलरच्या वाटेला जाऊच देऊ नका. त्यांना तोडून मिळतं काय, दोन अँपिअर. आणि घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा तसलं काही असेल तर ते कोणत्या सर्किटवर आहे हे स्वतः प्लग काढून-घालून तपासा. घरच्यांनी सांगितलं म्हणून मानू नका.

तिसरी पायरी : सामान

कंट्रोलरच्या आतले रिले पाच-दहा अँपिअरचे असतात आणि तोही आकडा साध्या रोधक लोडसाठी. त्यांच्यातून गीझर थेट चालवायचा मोह अनेकांना होतो. दोन महिने चालतोही. मग एक दिवस रिलेचे पॉइंट चिकटतात आणि कंट्रोलर "बंद केला" म्हणत राहतो, गीझर चालूच. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, लोड कॉन्टॅक्टरने.

डीन रेलवर बसणारा दोन पोलचा २५ अँपिअरचा मॉड्युलर कॉन्टॅक्टर, कॉइल २३० व्होल्ट एसी. घेताना बाजूची बारीक अक्षरं वाचा. एसी-७ए समोरचा आकडा गीझरसारख्या हीटरसाठी, एसी-७बी समोरचा मोटरसाठी, आणि दुसरा नेहमी बराच लहान असतो. पंपाला कॉन्टॅक्टर घेताना दुसरा आकडा बघायचा. दुकानदार "पंचवीसचा आहे, घेऊन जा" म्हणेल. तो गीझरबद्दल बोलत असतो.

बाकी : प्रत्येक लोडला स्वतःचा एमसीबी (२ किलोवॅटच्या गीझरला १६ अँपिअर), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी, आयएस ६९४ ची खूण असलेली तांब्याची वायर. गीझर आणि एसीला मी ४ स्क्वेअर एमएम वापरतो, पुस्तकात २.५ ने भागत असलं तरी. फेरूल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची नळी), क्रिंपिंगचा पक्कड, रिलेच्या वाटेवर दोन अँपिअरचा छोटा फ्यूज, आणि डीबीत दोन कॉन्टॅक्टरमध्ये बोटभर जागा. कॉन्टॅक्टर चालू असताना सतत थोडा तापतो, त्यांना चिकटवून बसवलं की दोघांचं आयुष्य घटतं.

खेड्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. कॉन्टॅक्टर नीट ओढून धरायला कॉइलला रेटिंगच्या ८५ टक्के तरी व्होल्टेज लागतं, म्हणजे १९५. संध्याकाळी जिथे १७० मिळतात तिथे तो थरथरतो, खरखर आवाज करतो आणि आतले पॉइंट जाळून घेतो. अशा घरी आधी अंडर-व्होल्टेज रिले बसवा, नाहीतर कंट्रोलरचा नाद सोडा.

चौथी पायरी : लाइन मारणे

माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. एका बंगल्यात कंट्रोलर आधीच बसवलेला होता आणि मला फक्त गीझरची जळकी वायर बदलायची होती. डीबीपर्यंत जायचा कंटाळा केला. गीझरच्या टर्मिनलला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. म्हटलं, लाइन नाही. स्क्रू सोडून उघडी तार चिमटीत धरली. तेवढ्यात खाली स्वयंपाकघरात कोणीतरी इंडक्शन बंद केलं. घराचा लोड उतरला, कंट्रोलरने वेळ मोजली, आणि जिन्याखालच्या डीबीतून 'टक्' असा आवाज आला. तो आवाज मी आधी ऐकला की झटका आधी बसला, आजही सांगता येणार नाही. कोपरापासून खाली हात संध्याकाळपर्यंत बधिर होता.

लाइन नव्हती हे खरंच होतं. पण ती गेलेली नव्हती, थांबलेली होती. कंट्रोलरने बंद केलेलं सर्किट हे बंद सर्किट नव्हे. मेन बंद करा, त्या लोडचा एमसीबी बंद करा, त्यावर चिकटपट्टी लावा, आणि शक्य असेल तर डीबीच्या दाराला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवा. नंतर निऑन टेस्टर बाजूला ठेवून मल्टीमीटर घ्या. आधी चालू असलेल्या पॉइंटवर (मेन बंद असला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूला लाइन असते) तो लाइन दाखवतो का बघा, मग आपल्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा, मग परत चालू पॉइंटवर. मीटरच मेलेला असेल तर शून्य दाखवणारच.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही अर्धं घर जिवंत असतं. तोही बंद करा. छतावर सोलर असेल तर त्याचाही एसी आयसोलेटर.

पाचवी पायरी : वायर जोडणे

एका गीझरची जोडणी नीट कळली की बाकी तिचीच नक्कल असते, म्हणून ती सावकाश बघू.

गीझरची आजची फेज डीबीतल्या एमसीबीतून निघून थेट भिंतीत जाते. ती एमसीबीच्या खालून सोडवा. एमसीबीच्या खालून नवीन तुकडा कॉन्टॅक्टरच्या १ नंबरवर न्या, आणि भिंतीत जाणारी फेज २ नंबरवर लावा. न्यूट्रल बारवरून एक वायर ३ वर, आणि गीझरकडे जाणारा न्यूट्रल ४ वर. क्रम ध्यानात राहू द्या : आधी एमसीबी, मग कॉन्टॅक्टर, मग गीझर. उलट केलं तर एमसीबी पाडूनही कॉन्टॅक्टर जिवंत राहतो.

हिरवी वायर कॉन्टॅक्टरच्या आसपासही नेऊ नका. अर्थ बारवरून ती अखंड गीझरच्या बॉडीपर्यंत गेली पाहिजे, मधे स्विच नाही, जोड नाही, पट्टीने गुंडाळलेलं काही नाही.

आता कॉइल. तिला दोन टर्मिनल, ए१ आणि ए२. कॉइलची फेज कुठून घ्यायची यावर वायरमन लोकांत दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक कंट्रोल सर्किटला वेगळा एमसीबी देतात. दिसायला नीटनेटकं, पण मग कॉन्टॅक्टरच्या एकाच डब्यात दोन ठिकाणांहून लाइन येते, आणि गीझरचा एमसीबी पाडून बेसावधपणे ए१ ला बोट लावणारा पुढचा माणूस तुम्हाला आयुष्यभर लक्षात ठेवतो. मी कॉइलची फेज त्याच गीझरच्या एमसीबीखालून घेतो. तिथून दोन अँपिअरच्या फ्यूजमधून कंट्रोलरच्या रिलेच्या कॉमनवर, रिलेच्या एनओ (नॉर्मली ओपन, रिले ओढल्यावरच जोडलं जाणारं) टर्मिनलवरून ए१ वर, आणि ए२ न्यूट्रलला. एक एमसीबी पाडला की गीझर, कॉन्टॅक्टर आणि त्याची कॉइल तिन्ही मेली. ही वायर १.५ स्क्वेअर एमएमची घ्या. फ्यूजच्या आधीचा तुकडा १६ अँपिअरच्या एमसीबीखाली आहे, तिथे घंटीची वायर चालत नाही.

एनओ का, एनसी (नॉर्मली क्लोज्ड, रिले सुटलेला असताना जोडलेलं) का नाही? कंट्रोलर स्वतः बिघडला तर काय व्हावं, त्यावर ते ठरतं. एनओवर घेतलं आणि कंट्रोलर मेला तर गीझर बंद राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो आणि बिघाड सापडतो. एनसीवर घेतलं तर गीझर चालूच राहतो, कोणाला काही कळत नाही, आणि आपण कंट्रोलर बसवला होता हे सहा महिन्यांनी मेन पडायला लागल्यावर आठवतं. मला फोन आलेला परवडतो. फक्त तुमच्या कंट्रोलरचा रिले "लोडला परवानगी" म्हणून ओढतो की "लोड तोड" म्हणून ओढतो हे त्याच्या कागदावर बघा. काही उलटे असतात, मग एनओ-एनसीचा हिशेबही उलटा.

थ्री फेज घर असेल तर शेजारशेजारच्या रिलेवर वेगवेगळे फेज येऊ शकतात. त्या टर्मिनलमध्ये मग २३० नव्हे, ४०० व्होल्ट असतात. कंट्रोलरच्या कागदावर त्याला परवानगी नसेल तर ते करू नका.

न्यूट्रल : इथेच सगळे फसतात

फेजची चूक लगेच कळते, न्यूट्रलची महिनाभर छळते. आरसीसीबी एकच गोष्ट बघतो : त्याच्यातून जेवढा करंट फेजने गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का. घरात दोन आरसीसीबी असतील, एक खालच्या मजल्याचा आणि एक वरच्या, आणि गीझरची फेज वरच्यातून पण न्यूट्रल सोयीचा म्हणून खालच्या बारवरून घेतला, तर गीझर चालू होताक्षणी दोन्ही पडतात. हे बरं. निदान लगेच कळतं.

कॉइलचं मात्र फसवं असतं. मॉड्युलर कॉन्टॅक्टरची कॉइल धरून ठेवताना जेमतेम १०-२० मिलीअँपिअर घेते. तिची फेज एका आरसीसीबीतली आणि ए२ चा न्यूट्रल दुसऱ्या बारवरचा असेल, तर ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला ती १०-२० ची गळती वाटते. आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. म्हणजे तो कधी पडतो, कधी पडत नाही. पावसाळ्यात थोडी ओल आली, दोन-तीन मिलीअँपिअर खरी गळती झाली, की पडतो. ग्राहक म्हणतो वॉशिंग मशीन खराब, मेकॅनिक म्हणतो अर्थिंग खराब, आणि खरा दोष डीबीतल्या दीड वितीच्या काळ्या वायरचा. मी एका घरी या वायरसाठी तीन चकरा मारल्या आहेत, आणि ती जोडणारा मीच होतो.

म्हणून नियम असा ठेवा : ज्या आरसीसीबीची फेज, त्याच्याच बारचा न्यूट्रल, कॉइलसाठीसुद्धा. जुन्या घरात काळी वायर म्हणजे न्यूट्रल हे गृहीत धरू नका. लाल संपली म्हणून काळ्या वायरने फेज ओढलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे.

सहावी पायरी : सीटी आणि कंट्रोलरची लाइन

सीटीच्या कडीतून फक्त मेनची फेज जाऊ द्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घातले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातो आणि कंट्रोलर शून्य दाखवतो. कडी मेन एमसीबीच्या पुढे, जिथून सगळं घर फुटतं त्याच्या आधी हवी. नाहीतर काही लोड मोजलेच जात नाहीत. सीटीवर बाण असतो. साध्या घरात उलटा लागला तरी बहुतेक कंट्रोलरना फरक पडत नाही, पण सोलर असेल तर बाण अचूक पाहिजे, कारण दुपारी करंट उलट दिशेने ग्रिडकडे जात असतो आणि बाण उलटा असेल तर कंट्रोलर त्यालाच लोड समजून भर उन्हात गीझर तोडत बसतो.

सीटीच्या दोन बारीक वायरी कंट्रोलरला जोडल्याशिवाय मेन चालू करू नका. मेनमधून करंट वाहत असताना सीटीची दुसरी बाजू उघडी राहिली तर तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं. हल्लीच्या क्लिपच्या सीटींमध्ये त्यावर आतूनच बंदोबस्त असतो, पण हाताला चांगलीच सवय लागलेली बरी.

कंट्रोलरची स्वतःची लाइन मेनच्या बाजूने घ्या, इन्व्हर्टरच्या बाजूने नको. लाइट गेल्यावर त्याला काही ठरवायचं नसतं, उगाच बॅटरी कशाला खायची.

सातवी पायरी : चालू करण्याआधी

प्रत्येक वायर ओढून बघा, अगदी जोर लावून. सुटणारी आत्ताच सुटू दे. टर्मिनलखाली इन्सुलेशन चेपलं गेलंय का, एखादी तार बाहेर राहिली का, हे टॉर्च लावून बघा. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावायचा तर ५०० व्होल्टवर, आणि फेज-न्यूट्रल जोडून अर्थशी किमान १ मेगाओहम आला पाहिजे. पण त्याआधी कंट्रोलर आणि सीटीच्या वायरी सोडवून ठेवा, नाहीतर मेगरने पहिला बळी त्याचाच जातो. कॉन्टॅक्टर सुटलेला असताना त्याच्या पलीकडची वायर तपासली जात नाही, ती वेगळी मोजा.

आठवी पायरी : आकडे भरणे

मर्यादा २१ अँपिअर ठेवली. तोडण्याआधीचा उशीर पाच सेकंद, कारण पंप उठताना काही क्षण चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो आणि त्याला घाबरून गीझर तोडायची गरज नसते.

परत देण्याचा आकडा मात्र बहुतेक जण चुकीचा भरतात. समजा घर २६ अँपिअरवर होतं, कंट्रोलरने गीझर तोडला, आकडा १७ वर आला. तुम्ही "१८ च्या खाली आला की परत दे" असं भरलं असेल तर तो लगेच परत देतो. पुन्हा २६. पुन्हा तोडतो. दिवसभर डीबीत टक, टक, टक. परत आलेला लोड मर्यादेत मावला पाहिजे. म्हणून २१ मधून गीझरचे ९ वजा, वर १ मोकळीक, उरले ११. घर ११ च्या खाली आल्याशिवाय गीझरला परत लाइन नाही. तोडण्याचा क्रम गीझर, मग पंप. परत देण्याचा क्रम उलटा, आणि दोघांत किमान एक मिनिट अंतर. एकदा तोडल्यावर किमान पाच मिनिटं थांब. एसी यादीत असेल तर त्याच्या तीन मिनिटांची सोय यातच झाली.

आता ग्राहकाला बोलवा आणि सकाळ घडवून आणा. गीझर लावा, इंडक्शनवर पाण्याचं पातेलं ठेवा, पंप लावा. क्लॅम्प मीटर मेनवर धरा आणि कंट्रोलरचा आकडा त्याच्याशी जुळतो का बघा. मर्यादा ओलांडली की मनात पाच मोजा. 'टक्', गीझरचा लाल दिवा गेला पाहिजे, आणि दिवे लुकलुकायला नकोत. इंडक्शन बंद करून परत येण्याची वाट बघा, आणि ती पाच मिनिटं ग्राहकासोबतच काढा. तेवढ्या वेळात तो विचारतो ते प्रश्न नंतर फोनवर येत नाहीत.

महिन्याभराने एकदा जाऊन, मेन बंद करून, सगळे स्क्रू पुन्हा आवळा. ४ स्क्वेअरची तांब्याची वायर टर्मिनलमध्ये थोडी बसते आणि पकड सैल होते.

जाताना डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवतो. त्यावर जाड मार्करने, घरात सगळ्यात कमी वीज कळणाऱ्या माणसालाही वाचता येईल असं : "गीझरचा दिवा गेला तर पाच मिनिटं थांबा, एक मोठं उपकरण बंद करा. वायरमन दादा, कंट्रोलरने बंद केलेला गीझर कधीही चालू होईल. आधी डावीकडून तिसरा एमसीबी पाडा."